काचवाला पडायला शिकतो

काचवाला त्या व्यायामशाळेत पहिल्यांदा गेला तो एक फुटलेलं तावदान बदलायला. वरच्या मजल्यावर लांबलचक हॉल होता, जमिनीवर जाड हिरव्या मॅट एकमेकींना खेटून अंथरल्या होत्या आणि त्यांवर दहाबारा माणसं पांढरे जाडेभरडे कोट घालून पडत होती. कुणी पाडत नव्हतं, आपणहून पडत होती. उभं राहायचं, पडायचं, हात मॅटवर आपटायचा, उठायचं, पुन्हा पडायचं. चांगली मिळवती, केस पिकायला लागलेली माणसंही त्यात होती. काचवाला शिडीवर उभा राहून तावदानाभोवती पुट्टी दाबत होता खरा, पण त्याचं अर्धं चित्त खाली. पाऊण तासात एकेक जण चाळीस-चाळीस वेळा पडला आणि एकाचंही काही मोडलं नाही. त्याची बायको एकदाच पडली होती, आणि तिचं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं.

शिडी खाली घेतल्यावर तो शिकवणाऱ्या बाईंकडे गेला. बाई चाळिशीच्या, बुटक्या, काळ्या पट्ट्याच्या. सगळे त्यांना सेन्सेई म्हणत होते. जपानी भाषेत गुरूला तसं म्हणतात हे त्याला नंतर कळलं, आणि कळल्यावरही तो त्यांना बाईच म्हणत राहिला.

"बाई, इथे पडायला शिकवता?"

"पहिलं तेच शिकवतो."

"माझ्या बायकोला शिकवाल? मनगटाला प्लास्टर आहे. अधूनमधून चक्करही येते."

"मग आत्ता नाही काका. डॉक्टर हो म्हणेपर्यंत अजिबात नाही." बाईंनी त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तोवर तुम्ही या ना. बुधवारी संध्याकाळी नवीन लोकांचा ज्यूदोचा वर्ग असतो."

नाही म्हणायला त्याचं तोंड उघडलं आणि त्यातून "येतो" असं बाहेर पडलं. का, ते त्याला घरी पोचेपर्यंत समजलं नाही. घरी पोचल्यावरही नाही.

आता बायको कशी पडली ते सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं.

काचवाला चौपन्न वर्षांचा. त्यांतली एकतीस वर्षं काचेत गेलेली. काम शिकवलं ते एका उस्तादाने. उस्तादाला बोटं आठ. उरलेली दोन कुठे गेली, हाच त्याचा पहिला धडा. "घसरली काच की ती आपली नाही," तो हात वर करून सांगायचा. "हात उघडे आणि पाऊल मागे. काच दुकानात दुसरी मिळते." नुसतं सांगून थांबणारा माणूस नव्हता तो. टेबलावरची रद्दी काच न सांगता खाली ढकलायचा आणि शिष्याचा हात पुढे जातो का ते बघायचा. गेला तर कानाखाली. वर्षभर असं चाललं. मग हात आपोआप उघडायला लागले, पाऊल आपोआप मागे जायला लागलं, आणि काचवाल्याची दहाच्या दहा बोटं शाबूत राहिली. घरात पाण्याचा पेला ओट्यावरून घरंगळला तरी तो दोन्ही हात वर करून एक पाऊल मागे उडी मारायचा. लेक लग्न होऊन जाईपर्यंत दर वेळी विचारायची, "बाबा, कोण लुटायला आलंय?" आणि मायलेकी पोट धरून हसायच्या.

दोन महिन्यांपूर्वी बायकोला चकरा सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, कानातला बिघाड आहे, हळूहळू जाईल, तोवर जिन्यात कुणीतरी हाताला धरा. राहायला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तो तिचं कोपर धरून तिला खाली नेत होता. दुसऱ्या मजल्याच्या चौकापासून तीन पायऱ्या उरल्या असताना ती डुलली. आणि काचवाल्याचे हात उघडले. पाऊल मागे गेलं.

ती खाली पडेपर्यंत तो दोन्ही तळवे छातीशी उघडे धरून वरच्या पायरीवर उभा होता.

डॉक्टरांना त्याने सांगितलं, हात निसटला. लेकीला फोनवर सांगितलं, हात निसटला. शेजारणीलाही तेच. बायकोही मान हलवून म्हणाली, "हो, निसटला." झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ही मूठ ज्याची त्याला पुरती ठाऊक होती. तिला दिसलं होतं का? पडता पडता माणसाला काय दिसतं? हे विचारायचं कसं? विचारलं की आपणच सांगितल्यासारखं होतं. त्या दिवसापासून इस्पितळात जाताना ती जिन्याच्या तोंडाशी थांबायची, डाव्या हाताने कठडा घट्ट धरायची आणि म्हणायची, "तुम्ही पुढे व्हा." रागाने नाही, साधंच. तो पुढे व्हायचा. तीन वेळा गेले, तिन्ही वेळा असंच. चोराच्या मनात चांदणं असल्यावर साधं बोलणंही साधं कुठे वाटतं?

येत्या शनिवारी प्लास्टर काढायचं होतं.

"मी बुधवारी ज्यूदोला चाललोय," त्याने जेवताना सांगितलं.

ती डाव्या हाताने चमचा धरून जेवत होती. "कुणाला मारायचंय?"

"मारायचं नाही काही. पडायला शिकवतात."

तिने चमच्यावरचा घास संपवला. मग म्हणाली, "ते शिकावं लागतं होय? मला तर न शिकताच आलं."

पुढचे चार घास काचवाल्याने पाण्याबरोबर गिळले.

बुधवारी दारातच पहिला गोंधळ झाला. त्याने चपला काढल्या त्या नेहमीसारख्या, भिंतीकडे तोंड करून. मागून एक जण आला, वाकला आणि त्या उलट्या फिरवून बाहेरच्या दिशेला तोंड करून ठेवल्या. काचवाल्याला वाटलं, हा आपल्याला परत जायला सांगतोय. तो चपला घालायला लागला.

"अहो काका, कुठे निघालात? इथे अशाच ठेवतात," तो माणूस म्हणाला. धिप्पाड, हसरा, कमरेला तपकिरी पट्टा. दिवसा दातांचा दवाखाना चालवायचा. "नखं दाखवा. कापलेली आहेत? छान. घड्याळ काढा, अंगठी काढा."

अंगठी निघेना. साबण लावून, पिळून, ओढून काचवाल्याच्या नाकी नऊ आले. सव्वीस वर्षांनी ती बोटातून सुटली तेव्हा खाली पांढरा वळ राहिला. ती ठेवायची कुठे, तेही कळेना. शेवटी त्याने ती डाव्या चपलेत ठेवली, आणि मग वर्ग संपेपर्यंत त्याचा एक डोळा त्या चपलेवर.

त्याला एक उसना कोट मिळाला. डावी बाजू वर की उजवी? त्याने उजवी वर घेतली. दंतवैद्याने येऊन बदलली. पट्टा दोनदा गुंडाळून पुढे गाठ मारायची. त्याने काचेच्या पेटीला मारतात तशी करकचून मारली. तीही बदलली. मग सगळे रांगेत गुडघे मोडून बसले आणि समोरच्या भिंतीपुढे वाकले. भिंतीवर काहीच नव्हतं. त्याने बसवलेलं तावदान तेवढं बाजूला होतं. मग बाईंपुढे वाकले, मग एकमेकांपुढे. कधी वाकायचं ते कळेना म्हणून तो रांगेतल्या शेजारणीकडे बघून वाकत होता, आणि दर वेळी एक वाकणं मागे पडत होता. सगळे वर यायचे तेव्हा हा खाली. शेजारीण एक तरुण टपालवाली होती, तिलाही काही येत नव्हतं हे त्याला बऱ्याच उशिरा समजलं. दोघं एकमेकांचं बघून चुकत होते.

बाई जपानीत आकडे मोजायच्या, इची, नी, सान, आणि त्या तालावर सगळे मान, खांदे, कंबर फिरवायचे. वीस मिनिटांत काचवाला घामाने निथळला. अजून कुणी कुणाला एक चापटही मारली नव्हती. हे मारामारी शिकवतात कधी, असा प्रश्न त्याला पडला, पण विचारणार कुणाला? तो तर पडायलाच आला होता.

मग पडणं सुरू झालं. आधी बसून, मग उकिडवं, मग उभ्याने. हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची आणि पाठ टेकते त्याच क्षणी पसरलेला हात मॅटवर सणसणीत आपटायचा. "हाताच्या पंजावर भार घ्यायचा नाही," बाई म्हणाल्या. "माणूस पडताना पंजा पुढे करतो आणि मनगट जातं."

ते वाक्य काचवाल्याच्या काळजात घुसलं. तो तिथेच पडून राहिला. बाईंना वाटलं लागलं, त्या धावत आल्या.

"काही नाही," तो म्हणाला. "जरा विसावा घेत होतो." पडलो तरी नाक वर.

त्यानंतर जोड्या लावल्या. काचवाल्याच्या वाट्याला दंतवैद्य आला. त्याने काचवाल्याला उताणं झोपवून छातीवर भार दिला आणि म्हणाला, "गुदमरलात की दोन चापट्या मारायच्या, मी लगेच सोडीन. दोन चापट्या म्हणजे सोड. तिथे चेष्टा नाही." मग पाळी बदलली. काचवाला वर, दंतवैद्य डॉक्टर खाली. डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर दोन थोपट्या दिल्या. आता कुणी पाठ थोपटली तर माणूस शाबासकी समजणार. पण काचवाल्याच्या अंगाने समजून घ्यायचं काम त्याच्यावर ठेवलंच नव्हतं. थोपटी पुरी व्हायच्या आत त्याचे हात उघडले आणि तो मागे सरला.

"वा," बाई म्हणाल्या. "नवीन माणूस घाबरून आणखी घट्ट धरतो. इतक्या चटकन सोडणारा मी पहिल्यांदा बघतेय. सगळ्यांनी काकांकडून शिका."

टपालवालीने त्याच्याकडे आदराने पाहिलं. काचवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या गोष्टीपायी तो तोंड लपवत होता, तिच्यासाठी इथे कौतुक होत होतं. हा काय न्याय, ते त्याला कळेना. हसावं तरी पंचाईत, रडावं तरी पंचाईत.

शेवटी बाईंनी पाडायचा एकच सोपा डाव दाखवला. समोरच्याची बाही एका हाताने, कॉलर दुसऱ्या हाताने धरायची, एक पाऊल बाजूला टाकायचं, त्याच्या पायामागे आपला पाय घालायचा आणि त्याला मागे झुकवायचं. "मी पडतो," दंतवैद्य म्हणाला. "मला सवय आहे. तुम्ही फक्त बाही सोडू नका."

काचवाल्याने बाही धरली, पाय घातला, झुकवलं. एवढा मोठा माणूस खरंच कलला. आणि कलला तसे काचवाल्याचे दोन्ही हात उघडले, पाऊल मागे गेलं. डॉक्टर धप्पकन वेडेवाकडे पडले.

"काका, बाही," बाई म्हणाल्या. "पुन्हा."

पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा त्याने मनाशी घोकलं, सोडायची नाही, सोडायची नाही, आणि तरी सोडली. डॉक्टर कोपर चोळत उठले. हसत होते, पण आता कमी. मघाशी चटकन सोडलं तर शाबास, आणि आता सोडलं तर चूक. हा एकच हात, त्याने ऐकायचं तरी कुणाचं?

बाईंनी सगळ्यांना थांबवलं नाही, आवाजही चढवला नाही. त्याच्याजवळ येऊन हळूच विचारलं, "काका, हात कशाला वर करता?"

काचवाल्याने आपल्या हातांकडे पाहिलं. ते छातीशी उघडे होते, तळवे पुढे. जिन्यात होते तसेच.

"काच," तो म्हणाला.

"कुठे लागली?"

"नाही. मी काचवाला आहे. आमच्यात पडणारी काच धरत नाहीत. धरणाऱ्याची बोटं जातात. मागे व्हायचं." त्याने हात खाली घेतले. "एकतीस वर्षं झाली. मी ठरवत नाही बाई, ते आपलं आपण होतं."

बाईंनी मान डोलावली. त्यांच्या चेहऱ्यावर ना दया, ना नवल. नळ गळतोय म्हटल्यावर प्लंबर डोलावतो तशी. "पाऊल मागे गेलं तर जाऊ दे. ते एका दिवसात थांबणार नाही. मूठ तेवढी बंद ठेवा. तुम्ही बाही धरून ठेवलीत की डोकं आपटत नाही. पाडणाऱ्याचंच काम आहे ते. डॉक्टर, पडाल अजून?"

"पडतो की," दंतवैद्य म्हणाला. "उद्या रुग्णांचे दात डाव्या हाताने काढीन."

चौथ्यांदा सुटली. पाचव्यांदाही. सहाव्यांदा पाऊल मागे गेलं, उजवा हात तर उघडलाच, पण डाव्या मुठीत बाहीचं टोक राहिलं. डॉक्टर खांद्यावर अलगद पडले आणि पडल्या पडल्या म्हणाले, "ही बरोबर." काचवाला ती मूठ उघडायचंच विसरला. डॉक्टर उठून उभे राहिले तरी बाही याच्याच हातात.

वर्ग संपल्यावर सगळ्यांनी झाडू घेऊन मॅट झाडल्या. डॉक्टरही झाडत होते, बाईही झाडत होत्या. इथे शिकायला आलो की झाडायला, हाही गोंधळ त्याने इतर गोंधळांबरोबर घरी नेला. जाताना चपलेत पाय घातला आणि अंगठी टोचली.

शनिवार उजाडला. हवेत गारवा होता, बायकोने लांब बाह्यांचा राखाडी स्वेटर घातला होता. उजवी बाही प्लास्टरवरून जात नव्हती म्हणून तो हात शालीत. जिन्याच्या तोंडाशी ती थांबली, तिने कठडा धरला.

"तुम्ही पुढे व्हा."

"नाही," काचवाला म्हणाला. "बाही दे."

"काय देऊ?"

"डावी बाही. स्वेटरची."

तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की कान तिचा बिघडलाय की डोकं याचं, हे ठरत नव्हतं. पण हात पुढे केला. त्याने एक पायरी मागे राहून कोपराजवळची लोकर डाव्या मुठीत गच्च धरली आणि दोघं उतरायला लागली. कठडा सुटला म्हणून ती धास्तावलेली, मूठ सुटेल म्हणून हा. एक चौक गेला. पुढच्या पायऱ्या तिने मनात मोजल्या असाव्यात, कारण दुसऱ्या मजल्याच्या चौकाआधी तीन पायऱ्या उरल्या तेव्हा तिचं पाऊल अडखळलं. चक्कर आली की नुसती आठवण आली, कोण जाणे. ती पुढे झुकली.

काचवाल्याचं पाऊल मागे गेलं. अगदी न चुकता गेलं. उजवा हात उघडलाही. पण डावी मूठ बंद होती, आणि बंद मुठीला बायको लटकलेली, त्यामुळे मागे गेलेलं पाऊल पायरीवर अडकून काचवाला बसकण मारून खाली आला आणि ती त्याच्या मांडीवर. पडता पडता त्याने हनुवटी छातीला लावली आणि मोकळा हात शिकवल्याप्रमाणे सणसणीत आपटला. तिथे मॅट नव्हती, पायरीची फरशी होती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"लागलं?" तिने विचारलं.

"हाताला. तुला?"

"नाही."

दोघं तिथेच पायरीवर बसून राहिली. खालच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडून पुन्हा लावलं.

"त्या दिवशी तुमचा हात निसटला नव्हता," ती म्हणाली. "तुम्ही सोडलात. मागं सरलात. मला दिसलं."

"हो."

"दीड महिना मी एकच विचार करतेय. औषधं, चकरा, रात्री उठवणं. म्हटलं, कंटाळले असतील माझा. म्हटलं, सोडून बघितलं असेल." ती अगदी शांतपणे बोलत होती. "म्हणून पुढे व्हा म्हणायचे. पुढच्या माणसाला सोडता येत नाही ना."

काचवाल्याला रडू फुटलं. तोंड वाकडं करून, लहान मुलासारखं. त्याला बोलता येईना, म्हणून त्याने मोकळा, लाल झालेला हात छातीशी उघडा धरून दाखवला, तळवा पुढे. तिने त्या हाताकडे पाहिलं. पाहता पाहता तिच्या कपाळावरची आठी सैल झाली.

"पेला," ती म्हणाली.

त्याने मान हलवली.

"बाबा, कोण लुटायला आलंय," ती लेकीच्या आवाजात म्हणाली, आणि हसायला गेली तर तिलाच हुंदका आला. "अहो, मग सांगायचं नाही का? मी काय काच आहे?"

"नाही. म्हणून तर लाज वाटली."

तिने डोळे शालीला पुसले. "उठा आता. नंबर जाईल."

इस्पितळात प्लास्टर कापणारा माणूस घाईत होता. त्याने तिला खुर्चीवर बसवलं, उजवा हात टेबलावर घेतला, यंत्र सुरू केलं आणि मग त्याचं लक्ष दुसऱ्या बाजूला गेलं. काचवाला तिच्या डावीकडे उभा होता, स्वेटरची बाही मुठीत. बाही ताणून चार बोटं लांब झाली होती.

"काका, आता सोडा की," तो म्हणाला. "आता कुठे पडणारेत त्या? बाहेर बसा."

काचवाल्याला ऐकू आलं, पण मूठ कशी उघडायची ते त्याला आठवेना.

"असू द्या हो," बायको म्हणाली. "नुकतेच शिकलेत."